दादांची भिंत

फोन लावण्याआधी दादा खुर्चीतून उठत, भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि दोन बोटांनी टेबलाच्या कडेवर तीनदा टकटक करत. मगच बोलायला सुरुवात होई. "नमस्कार. हैदराबादच्या दवाखान्यातून बोलतोय. सावकाश होऊ द्या, मी लाइनीवरच हाय."

ते 'सावकाश होऊ द्या' पेशंटसाठी असतं असं ऐकणाऱ्याला वाटे. अर्धं ते स्वतःसाठी असायचं. दादा बोलताना अडखळत. शब्द ओठांपर्यंत येई आणि तिथेच थांबून राही. मान किंचित उजवीकडे वळे, डोळे मिटत, आणि तुम्ही समोर असाल तर तुम्हालाच श्वास रोखल्यासारखं होई. घरून फोन आला की 'जयभीम' मात्र कधी अडला नाही. तो सरळ यायचा. बाकीचे शब्द आपापल्या मर्जीनं यायचे.

असा माणूस फोनच्या नोकरीत कसा, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. आमची कंपनी तीन-चार दवाखान्यांचं फोनचं काम बघते. पेशंटला तारीख कळवायची, तपासणीला उपाशीपोटी यायचं की खाऊन ते सांगायचं, ऑपरेशन झालेल्याला आठ दिवसांनी 'ताप येतो का, टाके कोरडे आहेत का' विचारायचं. नांदेड, देगलूर, उदगीर, किनवट इकडून माणसं उपचाराला हैदराबादेत येतात, म्हणून सव्वाशे माणसांत एक मराठी डेस्क. त्यावर दोघंच, दादा आणि मी.

दादा हे काही त्यांचं नाव नव्हे. वयानं ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, म्हणून मी दादा म्हणायची. तेलुगू पोरापोरींना वाटलं तेच नाव आहे. दिवाळीच्या मिठाईच्या डब्यावर एकीनं 'मिस्टर दादा' अशी चिठ्ठी चिकटवली होती. डबा घरी गेला आणि वहिनींनी पुढे चार दिवस त्यांना त्याच नावानं हाका मारल्या. हे दादांनीच मला सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला, पण हसू आधीच येऊन थांबलं होतं.

मी नोकरीला लागले त्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडून एक चूक झाली. दादा मला काही समजावत होते. 'पत्ता' या शब्दावर अडले. मी मदत म्हणून पटकन म्हणाले, "पत्ता, हो ना?" ते थांबले. थोड्या वेळानं म्हणाले, "ताई, एक सांगू का? माझं वाक्य तुम्ही पुरं करत जाऊ नका. टाइम लागतो, पण माझं मी करतो." रागानं नव्हे, चष्मा इथे ठेवू नका म्हणावं तसं. मी पुन्हा तसं केलं नाही. निदान त्या जागेत असेपर्यंत तरी नाही.

ती जागा सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत होती. कापडाच्या दुकानावरचा दुसरा मजला, अरुंद जिना, उन्हाळ्यात पंख्याचीसुद्धा हवा गरम. हार्डबोर्डच्या पार्टिशनांनी केलेले खण, खांद्याइतके उंच. दादांचा खण कोपऱ्यातला. समोर खरी, चुन्याची भिंत. तिच्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद लावला होता: कुठल्या गावाहून कुठली बस किती वाजता निघते, हैदराबादला किती वाजता पोचते. डॉक्टरांनी सकाळी नऊची वेळ दिली आणि पेशंट देगलूरचा असला, की दादा दवाखान्याला फोन करून अकराची करून घेत. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यांच्या कामात मोडतही नव्हतं.

मग कंपनी नव्या जागेत गेली. शहराच्या त्या टोकाला, काचेच्या इमारतीचा सातवा मजला. मलकपेठहून दादा निघत, मी विद्यानगरहून, आणि अमीरपेटला मेट्रो बदलताना कधी कधी आमची गाठ पडे. वर गेलो तर एकच प्रचंड हॉल. भिंत नाही, पार्टिशन नाही, कोपरा नाही. लांबच लांब टेबलं, समोरासमोर माणसं. जागा कुणाचीच ठरलेली नाही. रोज सकाळी जी रिकामी मिळेल ती आपली. सामान लॉकरमध्ये. बसच्या वेळांचा कागद दादांनी घडी करून लॉकरमध्ये ठेवला, कारण लावायचा कुठे?

खोटं बोलणार नाही, पहिल्या महिन्यात मला ती जागा आवडली. उजेड भरपूर. मान वर केली की सगळे चेहरे दिसत. किती वर्षं एका ऑफिसात असून ज्यांचं नाव माहीत नव्हतं, त्या बायका जेवताना गोंगुऱ्याचं लोणचं पुढे करू लागल्या. एकदा एका मुलीला फोनवरच कळलं की जिला तारीख द्यायला ती फोन करत होती ती बाई आदल्या दिवशी वारली. मुलगी बधिर होऊन बसली, तर दोन्ही बाजूंनी दोघी उठून तिच्याजवळ आल्या. जुन्या खणांत हे कुणाला कळलंसुद्धा नसतं.

आणि दादांचा फोन मी पहिल्यांदा नीट ऐकला तो तिथेच. तीन वर्षं पलीकडून फक्त पुटपुट यायची. आता ते माझ्या शेजारी होते. किनवटकडच्या एका म्हाताऱ्याला साखरेच्या तपासणीचं सांगत होते. दादा अडले, आणि पलीकडून आवाज आला, "सावकाश सांगा साहेब, मलाबी कमीच ऐकू येतं." मग दोघं सावकाश बोलत राहिले. आम्ही बाकीचे फोनवर धडाधड वाचून दाखवतो आणि पेशंट 'हो हो' म्हणतो. दादांच्या संथपणामुळे पेशंटला विचारायला फट मिळायची. त्या म्हाताऱ्यानं तपासणीचं विचारलं, चहा चालेल का विचारलं, आणि शेवटी, बायकोला सांगू नका पण पायाला जखम झालीय, हेही सांगितलं. दादांनी ते डॉक्टरपर्यंत पोचवलं. त्या दिवशी मला कळलं की आमच्या सव्वाशे माणसांत फोनवर बोलता येणारा माणूस एकच आहे.

मी ऐकलं तसं बाकीच्यांनीही ऐकलं. फक्त त्यांनी वेगळं ऐकलं.

तुम्ही अशा हॉलमध्ये काम केलं असेल तर तिथला आवाज तुम्हाला माहीत असेल. शंभर तोंडं एकाच वेळी चालू. पेशंट विचारत, "बाई, तुम्ही बाजारातून बोलायलाव का?" आपल्याला ऐकू यावं म्हणून प्रत्येक जण आवाज चढवतो, मग शेजारचा चढवतो. दादांना आवाज चढवता येत नसे. चढवला की शब्द अडे. वळायला भिंत नाही. जिकडे तोंड करावं तिकडे कुणी तरी बघतंय. तरी ते उभे राहत, टेबलाची कड धरत, टकटक करत. पंधराएक दिवसांत ऑफिसच्या ग्रुपवर निरोप आला: 'कृपया टेबल वाजवू नये, शेजाऱ्यांना त्रास होतो.' नाव नव्हतं. गरजही नव्हती. दुसऱ्या दिवसापासून दादा टेबलाऐवजी मांडीवर बोटं वाजवू लागले. त्याला आवाज नसतो. बहुधा म्हणूनच त्याचा उपयोगही होत नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी करमणुकीचा कार्यक्रम असे. एका शुक्रवारी एका टीम लीडरनं नकला केल्या. आवाज ऐकून ओळखायचं, कोण ते. सेंटर हेडची नक्कल झाली, सुरक्षा रक्षकाची झाली, मग माझी. मी हैदराबादी हिंदीत 'हौ जी, हौ जी' कशी म्हणते ते. सगळे हसले, मीही. मग तो उठून उभा राहिला, मान उजवीकडे वळवली, डोळे मिटले आणि टेबलावर तीनदा टकटक केली. एवढ्यावरच हॉल फुटला. तोंड उघडायची गरजच पडली नाही.

मी हसले. हे लिहायला मला जड जातंय, पण मी हसले. माझ्या नकलेचं हसू अजून तोंडावर होतं आणि ते तसंच पुढे गेलं. दादांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेही हसले. तो पोरगा नंतर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बुरा नक्को मानो दादा, मजाक है." दादांनी मान हलवली. लोक म्हणाले, दादा किती खिलाडू आहेत.

सोमवारी त्यांचा पहिला फोन लागला आणि 'नमस्कार'मधला 'न'च निघेना. पलीकडून 'हॅलो, हॅलो' झालं आणि फोन कट. दुसऱ्यालाही तसंच. नव्या सॉफ्टवेअरमध्ये शांततेचे सेकंद मोजले जातात; दादांच्या नावापुढे लाल खूण आली. आठवडाभर येत राहिली. नक्कल करणाऱ्याच्या नावापुढे कसलीच खूण आली नाही. असल्या गोष्टी मोजणारं सॉफ्टवेअर अजून कुणी बनवलेलं नाही.

एक दिवस जेवणानंतर दादा म्हणाले, "ताई, मला एक भिंत पायजे. बस. लिफ्टच्या बाजूला खांबाजवळ एक टेबल टाकलं तरी चालतंय." मी त्यांच्याबरोबर सेंटर हेडकडे गेले. सेंटर हेड म्हणजे माझ्याच वयाचे, गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनाही केबिन नव्हती आणि त्याचा त्यांना फार अभिमान. हॉलच्या मधोमध बसत. म्हणजे आमचं बोलणं आजूबाजूचे वीस जण ऐकणार.

"दीवार किसलिए चाहिए?" त्यांनी विचारलं.

दादांना वेळ लागला. आम्ही थांबलो. "बा... बात करने के लिए," दादा म्हणाले.

"लोग बात करने के लिए दीवारें गिराते हैं, आप दीवार माँग रहे हैं." आजूबाजूला हशा पिकला. मग ते समजुतीनं म्हणाले की ठरलेली जागा एकाला दिली की उद्या सगळे मागतील, फोनसाठी काचेच्या चार खोल्या आहेत, ॲपवर बुक करा.

त्या चार खोल्यांत दिवसभर वरिष्ठ मंडळी बसलेली असत. बुकिंग पंधरा मिनिटांचं. आणि चारही बाजूंनी काच. आत उभं राहून तोंड कुठे वळवायचं? दादा दोन दिवस लॅपटॉप घेऊन जिन्यात गेले. तिथे फोन बरे झाले. तिसऱ्या दिवशी सुरक्षा रक्षकानं हटकलं, पेशंटची माहिती हॉलबाहेर न्यायची नाही. नियम बरोबर होता. त्या हॉलमधले सगळेच नियम बरोबर होते.

शेवटी दादांचे फोन काढून घेतले. त्यांना याद्या तपासायला दिल्या. त्यांचे अर्धे पेशंट माझ्याकडे, अर्धे हिंदी डेस्ककडे. मराठी माणसाला हिंदी समजतंच, असं ठरलं. यादीवर नाव मात्र दादांचंच राहिलं, कारण बदलायला कुणाला वेळ नव्हता.

त्या यादीत देगलूरकडचं एक म्हातारं जोडपं होतं. म्हाताऱ्याचं ऑपरेशन ठरलेलं. रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस आधी बंद करायची, एवढंच सांगायचं होतं. हिंदी डेस्कच्या मुलानं फोन केला, दीड मिनिटात सगळं सांगितलं, म्हातारी 'हाँ हाँ' म्हणाली, आणि त्यानं पुढचा फोन लावला. म्हातारीला समजलं ते एवढंच की गोळीचं काही तरी महत्त्वाचं आहे. तिनं पाचही दिवस न चुकता गोळी दिली. मग बसनं हैदराबादला आले, दवाखान्यात म्हाताऱ्याला ऑपरेशनचे कपडे चढवले आणि उतरवले. तीन आठवडे पुढची तारीख. त्यांच्या मुलानं तक्रार केली: 'दर वेळी जे सावकाश बोलणारे साहेब फोन करतात, त्यांनी या वेळी फोनच केला नाही.'

साधी गोष्ट होती. त्या मुलाची तक्रार म्हणजे दादांना मिळालेली सर्वांत मोठी शाबासकी होती. पण यादीवर नाव दादांचं, तक्रारीत उल्लेख दादांचा.

सोमवारी सकाळी सगळ्यांनी आपापल्या जागी उभं राहून खुली चर्चा करायची पद्धत होती. आपल्याकडे काही झाकून ठेवायचं नसतं, म्हणून. सेंटर हेडनी तक्रार मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "दादा, बताइए, क्या हुआ था?" आवाज गोडच होता. दादा टेबलांच्या मधल्या वाटेत उभे होते. सव्वाशे माणसं बघत होती.

"वो कॉल मैंने नहीं किया," दादा म्हणाले. एवढं सरळ आलं. "क्योंकि..." आणि अडलं.

किती वेळ गेला मला माहीत नाही. मान वळली, डोळे मिटले, बोटं मांडीवर वाजत होती. कुणी तरी खोकलं. एकानं मोबाइल काढला. पलीकडच्या टेबलावर दोघी एकमेकींकडे बघून ओठ दाबत होत्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या सेंटर हेडला, त्या नकलाकाराला, त्या काचांना, सगळ्यांना एकदम ओरडून सांगावंसं वाटलं, आणि मी ओरडले, "क्योंकि इनसे कॉल होते नहीं थे, इसलिए निकाल लिए गए थे. आप ही ने निकाले. अब इनको क्यों पूछ रहे हैं?"

खोटं कशाला सांगू, मला स्वतःचा अभिमान वाटत होता. सेंटर हेड म्हणाले, "ठीक है, ठीक है, मेल पर देखते हैं." लोक खाली बसले.

दादा उभेच होते. त्यांनी डोळे उघडले होते आणि ते माझ्याकडे बघत होते. नकलेच्या दिवशी पाहिलं होतं तसंच. फक्त या वेळी ते हसले नाहीत.

संध्याकाळी मेट्रोत मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. म्हणाले, "दादा, तुम्हाला त्रास दिला त्यांनी, मला बघवलं नाही."

बऱ्याच स्टेशनांनंतर ते म्हणाले, "ताई, मला ते म्हणायचं नव्हतं."

"मग काय म्हणायचं होतं?"

ते विचारात पडल्यासारखे दिसले. मला वाटलं शब्द अडलाय, म्हणून मी थांबले. या वेळी नीट थांबले. पण शब्द अडला नव्हता. "राहू द्या आता," ते म्हणाले, एका दमात, आणि आपल्या स्टेशनवर उतरून गेले. महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली.

त्यांना काय म्हणायचं होतं, याचा मी खूप विचार केलाय. क्योंकि मुझसे किसी ने पूछा नहीं. क्योंकि मुझे एक दीवार नहीं दी. क्योंकि मैं कर सकता था. यातलं काहीही असेल. यांना फोन जमत नव्हते, हे मात्र नक्की नव्हतं. ते मी म्हणाले. सव्वाशे माणसांसमोर, त्यांच्या बाजूनं उभी राहून, मी म्हणाले.

दोनेक महिन्यांनी मी मलकपेठला त्यांच्या घरी गेले. वहिनी म्हणाल्या, ते मेहुण्याच्या पिठाच्या गिरणीवर असतात. गिरणी जवळच होती. दोन चक्क्या चालू, पट्टा फटफटतोय, हवेत पांढरं पीठ. तिथे बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही, त्यामुळे कुणी बोलतच नाही. बायका डबा पुढे करत, बोटांनी बारीक की जाड ते दाखवत. दादा मान हलवत आणि धान्य ओतत. भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. मला पाहिलं तसा त्यांनी हात पुसून स्टूल पुढे केलं. मी म्हणाले, "दादा, माझं चुकलं." ते कानाला हात लावून वाकले. मी पुन्हा मोठ्यानं म्हणाले. त्यांनी ऐकू येत नाही अशी खूण केली आणि चहा घेणार का, असं खुणेनंच विचारलं. त्यांना खरंच ऐकू आलं नाही की काय, ते मला आजवर कळलेलं नाही. चहा मात्र आम्ही घेतला.

त्यांच्या घरी आताशा फोन वाजला तर वहिनी उचलतात.

मी अजून त्याच हॉलमध्ये आहे. मराठी डेस्कवर आता मी एकटी. परवा एका गृहस्थांना तपासणीची तारीख सांगत होते. भोकरकडचे, आवाजावरून सत्तरीचे. सगळं सांगून झालं तरी ते फोन ठेवीनात.

"ते आधीचे साहेब न्हाईत का?" त्यांनी विचारलं. "थांबून थांबून बोलायचे ते."

याचं उत्तर आम्हाला लिहून दिलेलं आहे: 'ते सध्या उपलब्ध नाहीत, मी आपली काय मदत करू शकते?' मी तोंड उघडलं आणि ते निघेना.

"त्यांना आम्ही घालवलं, काका," मी म्हणाले. शेजारच्या मुलीनं कानावरचा हेडफोन बाजूला करून माझ्याकडे पाहिलं. फोन रेकॉर्ड होत होता.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. सेकंद मोजले जात होते. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "आम्ही म्हंजी कोण, बाई?"

मी मान वर केली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे दिसत होते. प्रत्येकाचं तोंड चालू होतं.

मी त्यांना माझं नाव सांगितलं.